मामंजींचे सहा तास

माझ्या सासऱ्यांइतका रागीट माणूस अख्ख्या काशीत दुसरा नव्हता, आणि काशीत रागीट माणसांची टंचाई आहे असं कुणी म्हणणार नाही. इथे रिक्षावाल्यापासून गल्लीत आडव्या पसरलेल्या सांडापर्यंत प्रत्येकाला स्वतःचा राग आहे. पण ही मंडळी काहीतरी घडल्यावर रागावतात. मामंजी आधी रागावत आणि कारण मागाहून शोधत. नळाला पाणी आलं नाही की पालिकेवर चिडत, आलं की इतका वेळ कुठे होतं म्हणून पाण्यावर चिडत. दूध पातळ असलं की गवळ्याला बोलणी, दाट असलं तर आज ह्याला कसली उपरती झाली म्हणून पुन्हा गवळ्यालाच बोलणी. मी साताऱ्याहून लग्न होऊन रामघाटावरच्या त्या तीन खोल्यांत आले तेव्हा पहिले पंधरा दिवस मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. सोळाव्या दिवशी कळलं की माझं काहीही चुकत नाही, आणि त्या दिवसापासून मीही रागवायला लागले. मुलींच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईला राग बाहेरून आणावा लागत नाही. माझे यजमान रेल्वेत नोकरीला. ते आम्हा दोघांच्या मध्ये असे वावरत की जणू घरात नाहीतच, आणि त्याचाही मला राग येई.

मामंजी भिक्षुक होते. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची धर्मकृत्यं अहिल्याबाई घाटावर करायची आणि दुपारी घरी वेदपठण, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. घड्याळ मात्र त्यांनी जन्मात वापरलं नाही. वेळ ते पठणात मोजत. जपाची एक माळ म्हणजे नऊ मिनिटं, संध्या बावीस, महादेवाचा साधा अभिषेक पस्तीस, आणि एकादशणी, म्हणजे रुद्राची अकरा आवर्तनं, बरोबर अडीच तास. भात दोन माळांत व्हायला हवा. रामघाटाहून नावेने अहिल्याबाई घाटाला जाताना तीन माळा, येताना प्रवाहाबरोबर दोन. तिसरी माळ सुरू झाली की नावाड्याची धडगत नसे. हे सगळं मी माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी चोरून ताडून पाहिलं आहे. वर्षभरात त्यांची माळ दहा मिनिटांवर गेलेली मला एकदाही सापडली नाही, आणि गणिताच्या बाईला दुसऱ्याची चूक सापडली नाही की तिचा किती जळफळाट होतो ते तिलाच माहीत.

यात्रेकरूंचा नेहमीचा प्रश्न एकच: गुरुजी, किती वेळ लागेल, गाडी गाठायची आहे. मामंजी पटकन सांगत, एक अभिषेक आणि दोन माळा. नाशिकच्या एका गृहस्थांनी एकदा विधी चालू असताना मनगटाकडे पाहिलं. मामंजींनी मंत्र न थांबवता हाताने खूण करून त्यांचं घड्याळ काढायला लावलं आणि तांब्याखाली ठेवलं. सगळं आटोपल्यावर तांब्या उचलून म्हणाले, ‘आता बघा.’ त्रेपन्न मिनिटं झाली होती. गृहस्थ गारच पडले. ‘ज्याला आपल्या कामाला वेळ किती लागतो ते सांगता येत नाही, त्याला काम येत नाही,’ हे मामंजींचं ठाम मत. आणि सुरू केलेलं पठण मध्येच थांबवायचं नाही, हा दुसरा नेम. एकदा माकडाने त्यांचं उपरणं खांद्यावरून ओढून नेलं तरी आवर्तन चालूच राहिलं. फक्त माकडाच्या दिशेने आवाज चढला आणि ते माकड उपरणं टाकून पळालं.

हा सगळा राग ज्यांच्यावर रोज पडत होता त्या माझ्या सासूबाई. चाळीस वर्षं त्यांनी तो ऐकला आणि उलट एक शब्द काढला नाही. मला त्यांच्या ह्या गुणाचं कौतुक वाटायला हवं होतं. मला संताप यायचा. मामंजी खेकसले की त्या ‘हो’ म्हणत, आणि ते ‘हो काय हो’ म्हणून आणखी खेकसत. सासूबाईंना एकच खोड होती. बसल्या की त्यांचे पाय हलायचे. निवडणं, वाती वळणं, काहीही चालू असो, खाली पावलांची आपली वेगळीच लगबग. मामंजी जपाला बसले की एका सतरंजीवर तो हादरा त्यांना लागे आणि दिवसातून दहादा तोच हुकूम सुटे, ‘पाय हलवू नकोस, लक्ष्मी जाते.’ आमच्या घरात लक्ष्मी आली कधी होती की जायला, हे मी एकदा म्हणाले होते. त्यावर तीन दिवस भाजीत मीठ कमी की जास्त एवढाच विषय घरात होता.

पन्नाशीनंतर सासूबाईंचा कणा वाकायला लागला. आधी एका बाजूला, मग पुढेही. एक खांदा वर, एक खाली, लुगड्याच्या निऱ्या एका अंगाला लोंबायच्या. दोन-तीन वर्षांत अशी वेळ आली की उभ्या राहिल्या तर समोरच्याचे गुडघे दिसत, तोंड बघायचं तर भिंतीला धरून मान वर करावी लागे. घाटावर जाणं बंद झालं, मग देवळात जाणं, मग जिना. डाव्या पायात मुंग्या येऊ लागल्या. स्वयंपाकघरातून खिडकीपर्यंत यायला त्यांना अर्धी माळ लागू लागली, आणि ही अर्धी माळ मामंजींनीच मोजली होती. ह्या माणसाने तेलं आणली, काढे आणले, लेप लावणारा पहिलवान आणला, आणि प्रत्येकाशी भांडून त्याला जिन्यावरून उतरवला. शेवटी मी रजा टाकली आणि सासूबाईंना रिक्षात घालून मोठ्या इस्पितळात नेलं. मामंजी मागच्या रिक्षात, दोन्ही रिक्षावाल्यांवर ओरडत.

हाडांचे मोठे डॉक्टर गाझीपूरकडचे, थोराड अंगाचे, आणि रागाच्या बाबतीत मामंजींना जोडीदार शोधायचा तर हेच. त्यांनी सासूबाईंना उभं, आडवं, डावीकडे वाकवून, उजवीकडे वाकवून सगळ्या बाजूंनी फोटो काढायला लावले. मग ते काळे कागद उजेडाला धरून सांगितलं की पायाची नस दाबली जाते आहे, असंच चाललं तर वर्षा-दोन वर्षांत चालणं संपेल. शस्त्रक्रिया करून मणक्यांत स्क्रू घालायचे, दोन बाजूंना दांडे बसवायचे आणि कणा सरळ करून जोडून टाकायचा. काम मोठं आहे, धोका आहे, पण करावं असं त्यांचं मत. मी मान हलवली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मामंजींनी विचारलं, ‘कितना समय लगेगा?’

डॉक्टर म्हणाले, निश्चित सांगता येत नाही. बस्स. मामंजी खुर्चीवरून उठले आणि आपलं ठाम मत त्यांनी हिंदीत ऐकवलं. डॉक्टरही उठले. पुढचा अर्धा तास तिथे जे झालं ते बघायला बाहेरचे पेशंट दारात जमले. डॉक्टर बोटांवर मोजत सांगत होते की आधी किती मणके जोडायचे ह्यावर आहे, आठ की दहा ते आत गेल्यावर ठरेल. मामंजी म्हणाले, आवर्तनं नऊ करायची की अकरा हे मी घाटावर गेल्यावर ठरवत नाही. डॉक्टर म्हणाले, बाक किती ताठर आहे ते फोटोत अर्धंच कळतं. ढिला असेल तर सरळ होईल, नाहीतर मागून हाड कापून वाट करावी लागेल, आणि ते मज्जारज्जूच्या अगदी शेजारी कापायचं असतं, तिथे घाई करता येत नाही. दाबलेली नस मोकळी करायची, तो वेळ वेगळा. ह्या वयात बाईमाणसाची हाडं मऊ झालेली असतात; स्क्रू धरला नाही तर काढून दुसरीकडे घाला. जितके मणके जास्त तितकं रक्त जास्त, ते थांबवत थांबवत पुढे जावं लागतं. मदतीला हात सरावाचे असले तर तास वाचतो, नवखे असले तर तास जातो. मध्येच फोटो काढला तर तो धुवायला खाली जातो, धुणारा जेवायला गेलेला असतो. बिजली गेली तर जनरेटर सुरू होईपर्यंत हात वर धरून उभं राहायचं. दोनच गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत, म्हणाले: अंगावर मांस नाही आणि पाठ आधी कुणी उघडलेली नाही. एकदा उघडलेली पाठ पुन्हा उघडायची तर आतलं सगळं चिकटलेलं असतं, मग विचारू नका.

मामंजी एकेका कारणाला एकेक बोट दुमडत गेले, आणि दोन्ही हातांच्या मुठी वळल्या तेव्हा त्या तशाच धरून उभे राहिले. डॉक्टरांचा आवाज तेव्हा जरा खाली आला. ते म्हणाले, ‘पंडितजी, मुझसे ज़्यादा कौन जानना चाहता है? जितनी देर, उतना ख़तरा. ख़ून, इन्फेक्शन, सब उसी देर में है.’ मग त्यांनी आणखी एक सांगितलं. दांडे आवळून झाले की भूल मुद्दाम हलकी करून पेशंटला अर्धवट जागं करतात आणि पाय हलवायला लावतात. पाय हलले म्हणजे मज्जारज्जू सलामत, हलले नाहीत तर दांडे ढिले करायचे. हे तपासायचं दुसरं मशीन इथे नाही. हे मी ऐकलं. मामंजींनी ऐकलं नाही, कारण ते तोंडातल्या तोंडात आवर्तनांचा हिशेब मांडत होते आणि काही जुळत नव्हतं.

संमतीचा कागद आठ दिवस घरात देवाच्या पाटाखाली पडून राहिला. वेळ सांगितल्याशिवाय सही नाही. आत शस्त्रक्रिया चालेल तेवढा सगळा वेळ बाहेर अखंड पठण चालायचं, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि संकल्प सोडायचा तर संख्या आधी ठरवावी लागते. किती ते माहीत नसताना संकल्प कसा सोडणार. ही अडचण त्यांच्या दृष्टीने खरी होती. पण भिंतीला धरून उभ्या असलेल्या सासूबाईंकडे पाहिलं की मला तो कागद त्यांच्या तोंडावर फेकावासा वाटे. नवव्या दिवशी मी शाळा सुटल्यावर एकटीच डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, एक आकडा सांगा, खोटा असला तरी चालेल. डॉक्टर मग चिडून म्हणाले, ‘लिख लीजिए, छह घंटे. और मेरा नाम मत लीजिएगा.’ आयुष्यभर पोरींना उत्तर आधी आणि रीत मागून लिहू नका म्हणून झोडपणारी मी, मीच ते केलं. मामंजींनी आकडा ऐकला आणि त्यांचा चेहरा उजळला. दोन एकादशण्या, सहा माळा, उरलेली सहा मिनिटं संकल्पाला आणि आचमनाला. त्यांनी सही केली.

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो. यजमान रक्ताच्या बाटल्यांच्या मागे. मामंजींनी ऑपरेशन थिएटरच्या दारासमोर, ये-जा करणाऱ्यांच्या बरोबर मध्ये, आपलं लोकरीचं आसन अंथरलं. पहारेकऱ्याने हटकलं, त्यावर त्याची जी हजेरी घेतली गेली तिच्यानंतर तोच लोकांना बाजूने जा म्हणून सांगू लागला. सासूबाईंना चाकाच्या खाटेवरून आणलं. पांढऱ्या चादरीखाली त्यांचे पाय भीतीने थरथर हलत होते. आदल्या संध्याकाळी एका शिकाऊ डॉक्टरने त्यांना मध्ये जागं करून पाय हलवायला सांगू हे समजावलं होतं, त्यांनी मान हलवली होती. मामंजी आसनावरून खेकसले, ‘पाय हलवू नकोस. मी इथे बसलोय तोवर पाय हलता कामा नयेत. ऐकलंस?’ सासूबाई म्हणाल्या, ‘हो.’ पाय एकदम थांबले. मी हे डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं, आणि रोजचंच म्हणून सोडून दिलं. त्याचा राग मला आजही आहे, आणि तो माझ्यावर आहे.

दार बंद झालं, नऊ वाजले होते, पठण सुरू झालं. काय सांगू, त्या दळभद्री, फिनेलच्या वासाच्या जागेत तो आवाज असा घुमला की बलियाहून, सासारामहून आलेले लोक आपापली गाठोडी घेऊन भोवती येऊन बसले. कुणी पाया पडलं, कुणी समोर केळं ठेवलं. साडेअकराला पहिली एकादशणी झाली. एकदा बिजली गेली. मामंजींनी डोळे उघडून दिव्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता तोच घाबरून लागेल. दोनला दुसरी एकादशणी संपली आणि पहिली माळ सुरू झाली. मी घड्याळ बघत होते. सहा तास हे मी मागून आणलेले होते, ते खरे असायचं काही कारण नव्हतं, तरी मीच ते खरे व्हावेत म्हणून बघत बसले होते.

अडीचच्या सुमारास दार किलकिलं झालं आणि एक नर्स रक्ताची बाटली न्यायला बाहेर आली. केरळची होती, तोडकं हिंदी बोलायची. तिचा चेहरा पाहून मी आडवी गेले. ती सांगेना. मी शाळेतला आवाज काढला तेव्हा म्हणाली की दांडे बसले, कणा पुष्कळ सरळ झाला, पण जागं केल्यावर अम्मा हात दाबते आणि पाय हलवत नाही. दांडे थोडे ढिले केले, पुन्हा विचारलं, तरी हलवत नाही. सर फार चिडलेत, आता सगळं काढावं लागेल. म्हणजे इतक्या तासांचं काम वाया, वाकलेली पाठ पुन्हा वाकलेली, आणि तरी पाय परत येतील की नाही ते कुणाला माहीत नाही. मी आसनाकडे वळले.

मामंजींची माळ चालू होती. त्यांनी भुवयांनीच विचारलं, काय. मी सांगितलं. त्यांचा अंगठा मण्यावर थांबला. माकडाला न थांबलेलं पठण अर्ध्या शब्दावर तुटलं. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. मामंजी अगदी बारीक आवाजात म्हणाले, ‘मीच सांगितलं होतं तिला.’

मला तेव्हा काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. बारा वर्षांचा राग एकदम वर आला. त्या सगळ्या लोकांसमोर, सून सासऱ्याशी बोलते तशी नाही, वर्गातल्या उनाड पोरीवर ओरडते तशी मी ओरडले, ‘चाळीस वर्षं नुसते ओरडलात ना तिच्यावर? आता उठा. आत जा आणि तिला सांगा.’ असं बोलल्यावर मामंजी काय करतील ह्याची मला कल्पना करता येत नव्हती. ते उठले. आसन तिथेच राहिलं, माळ आसनावर राहिली. एवढ्यात डॉक्टरच बाहेर आले, टोपीखाली घामाने निथळत, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत मी त्यांना सगळं सांगून टाकलं. आत नेताना काय हुकूम झाला, घरात रोज काय हुकूम होतो, सगळं. ते मामंजींकडे बघत राहिले. त्यांनी इतकी कारणं मोजली होती, त्यांत हे नव्हतं. मग फक्त म्हणाले, ‘आइए.’

आतलं मी पाहिलं नाही; ते त्या नर्सने मला संध्याकाळी सांगितलं. धोतरावर हिरवा झगा चढवला, शेंडीवर टोपी घातली, तोंडाला फडकं बांधलं. पेशंट पालथी, चेहरा खाली एका गादीच्या चौकटीत. तिच्याशी बोलायचं तर उभ्याने जमेना. तेव्हा हा माणूस, जो आसनाशिवाय कधी भुईवर टेकला नाही, तो त्या जमिनीवर बसला, मान वाकडी करून टेबलाखालून तिच्या तोंडापाशी गेला. नर्सला मराठी येत नव्हतं, पण ते शब्द तिच्या कानात राहिले होते आणि तिने ते जसेच्या तसे म्हणून दाखवले. ‘अगं, ऐकतेस ना? मी सांगतो ना, हलव. थोडेसेच हलव हं.’ इतक्या हळू बोलत होते, म्हणाली, की भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मशीनपाशी उभ्या असलेल्यांना गप्प केलं. आधी डावा अंगठा हलला. मग उजवं पाऊल. मग दोन्ही पाय असे सुटले की थांबेनात, घाईघाईने पुन्हा भूल द्यावी लागली. डॉक्टरांनी वर छताकडे बघून एक शिवी दिली आणि पंडितजींना बाहेर काढा म्हणून सांगितलं.

मामंजी बाहेर येऊन बाकावर बसले. मोडलेलं पठण त्यांनी पुन्हा सुरू केलं नाही. मी विचारलं, तर मानेनेच नको म्हणाले. साडेसहाला दार उघडलं. एकंदर साडेनऊ तास लागले होते.

चौथ्या दिवशी सासूबाई नीट बोलायला लागल्या. मामंजी शेजारी बसून मोसंबं सोलत होते आणि मोसंबीवाल्याला नावं ठेवत होते. सासूबाई मला म्हणाल्या, ‘अगं, मला बाकी काही याद नाही. पण मध्येच एक डॉक्टर आला होता बघ. आपलं मराठी बोलत होता. किती प्रेमाने बोलत होता गं. थोडेसेच हलव हं, म्हणाला. असं माझ्याशी जन्मात कुणी बोललं नसेल. त्याला शोधून काढ, त्याला लाडू नेऊन द्यायचे.’ मी तोंड उघडलं. मामंजींनी वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग सोडून दुसरं काही मी प्रथमच पाहत होते; ते मला गप्प राहा म्हणून विनवत होते. मग मोसंब्याकडे बघत म्हणाले, ‘असेल कुणी शिकाऊ.’ मी सालं गोळा करायला लागले.

सासूबाई सहा महिन्यांत जिना उतरायला लागल्या आणि वर्षाने घाटावर जायला लागल्या. ताठ उभ्या राहिल्यावर त्या मामंजींपेक्षा बोटभर उंच निघाल्या, ह्याचाही त्यांना राग आला. शस्त्रक्रियेनंतर पंधरवड्यातच मामंजींचं ओरडणं पूर्ववत झालं होतं. फक्त सासूबाईंचे पाय हलायला लागले की ते ‘अगं’ म्हणत, आणि पुढचं गिळून टाकत. तो मराठी डॉक्टर मात्र घरात कायमचा राहायला आला. सासूबाई येईल त्याला त्याच्याबद्दल सांगत, दिवा लावताना त्याच्यासाठी हात जोडत. मामंजी समोर बसून ऐकत. मला कितीदा वाटलं, आता सांगतील. आपल्याच बायकोच्या तोंडून आपलं कौतुक दुसऱ्याच्या नावावर ऐकत बसलेला तो म्हातारा बघून मला चीड यायची आणि रडू यायचं. चार वर्षांनी एका पहाटे ते गेले, आणि तोवर एकदाही बोलले नाहीत.

तेरावा झाला, पाहुणे गेले. मी आणि सासूबाई खिडकीशी बसलो होतो. त्या म्हणाल्या, ‘ह्यांना किती वेळा सांगितलं, त्या डॉक्टरचा पता काढा. नाहीच काढला.’ मला आता धरवेना. मी म्हणाले, आई, तो डॉक्टर नव्हता, मामंजी होते. त्यांना आत नेलं होतं. आणि सगळं सांगितलं.

त्यांनी आधी ते हसण्यावारी नेलं. मग विचारलं, ‘जमिनीवर बसले होते? आसनाशिवाय?’ मी हो म्हणाले. ‘ओरडले नाहीत?’ मी म्हणाले, नाही. त्या ताठ बसून नदीकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला, आणि इतक्या वर्षांत मी कधी ऐकला नव्हता अशा रागाच्या आवाजात त्या म्हणाल्या, ‘म्हणजे त्यांना तसं बोलायला येत होतं.’

मी त्यांचा हात हातात घेतला आणि दोघी तशाच बसून राहिलो. भांडायला माणूस राहिला नव्हता.